मेंदूचा ‘कॉम्प्लेक्सिटी स्कोअर’ देणारी ईईजी टेस्ट: रेकॉर्डिंग मस्त, रिपोर्ट अर्धवट

आधीच सांगते, सेंटरचं नाव लिहिणार नाहीये. नावासाठी मेसेज करू नका, कारण ईईजीवरून, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विजेचे सिग्नल नोंदवतात त्या टेस्टवरून, काढलेला असा रिपोर्ट आता बऱ्याच ठिकाणी मिळतो, कुणी त्याला ब्रेन मॅपिंग म्हणतं, कुणी क्यूईईजी, कुणी मेमरी प्रोफाइल, आणि माझं भांडण एका सेंटरशी नाही तर त्या रिपोर्टच्या पद्धतीशी आहे. ज्यांच्या घरी अल्झायमर्सचं माणूस आहे आणि ज्यांना कुणीतरी हे पॅकेज सुचवलंय त्यांच्यासाठी लिहितेय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

रेटिंग हवंच असेल तर रेकॉर्डिंगला पाचपैकी साडेचार, रिपोर्टला दीड. त्यातला अर्धा मार्क बाइंडिंगला.

आमची केस अशी की आईचं निदान न्यूरोलॉजिस्टनी आधीच केलेलं होतं. रीतसर सगळं झालेलं, घरच्यांशी बोलणं, मेमरीची तीस मार्कांची टेस्ट, एमआरआय, बी १२, थायरॉईड, डिप्रेशन तर नाही ना हे बघणं. त्यामुळे निदानासाठी गेलो नव्हतो. सेंटरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की अल्झायमर्समध्ये मेंदूच्या सिग्नलची कॉम्प्लेक्सिटी कमी होते, ती आम्ही मोजतो, आणि आजार कुठवर आलाय ते आकड्यात दाखवतो. आता घरात असा पेशंट असला की माणूस आकड्याला फार भुकेला असतो, कारण रोज दिसतं ते कधी बरं कधी वाईट, आज नाव आठवतं उद्या नाही, भावाला वाटतं सुधारतेय मला वाटतं घसरतेय, मग एखादा ठाम आकडा मिळाला तर निदान आमची भांडणं तरी थांबतील असं वाटलं. म्हणून गेलो.

रेकॉर्डिंगचं आधी सांगते कारण तो भाग खरंच चांगला होता. डोक्यावर ठरलेल्या १९ जागांवर इलेक्ट्रोड, टेन-ट्वेंटी म्हणतात ती जागांची पद्धत, शिवाय कानांना रेफरन्स. दुखत वगैरे काही नाही, मशीन फक्त ऐकतं, डोक्यात करंट सोडत नाही, हे आईला तीनतीनदा सांगावं लागलं पण तिथल्या टेक्निशियन मुलीने ते न कंटाळता सांगितलं. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, रात्री नीट झोपू द्या, नेहमीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, या सूचना आधीच आल्या होत्या. प्रत्येक इलेक्ट्रोड नीट टेकलाय का ते तिने स्क्रीनवर इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) बघून तपासलं, दोन परत लावले. मग डोळे मिटून शांत बसायचं, अधूनमधून उघडायचं.

डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात एक लयदार लाट येते, अल्फा, सेकंदाला ८ ते १३ वेळा. ही पहिल्यांदा कागदावर आणली हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने, १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ पर्यंत छापलाच नाही, इतकी त्याला स्वतःच्या मशीनवर शंका होती. हल्लीच्या सेंटरवाल्यांनी यातून थोडं शिकायला हरकत नाही. आईची अल्फा स्क्रीनवर दिसत होती, पण हळू. निरोगी वयस्कर माणसात ती साधारण ९-१० च्या आसपास असते, अल्झायमर्समध्ये ती आठकडे आणि त्याच्याही खाली सरकत जाते, आणि तिच्या जागी ४ ते ८ वाली थीटा वाढते, पुढे त्याहूनही संथ डेल्टाही. बर्गरने स्वतःच १९३० च्या दशकात अल्झायमर्सच्या पेशंटमध्ये बिघडलेला ईईजी नोंदवला होता. म्हणजे ही गोष्ट नवी नाही, नव्वद वर्षं जुनी आहे.

त्या मुलीचं अजून एक कौतुक. आईला डुलकी लागायला लागली की ती लगेच "आजी, डोळे उघडा बरं एकदा, इकडे बघा" म्हणायची आणि रेकॉर्डिंगवर खूण करायची. हे फार महत्त्वाचं आहे. झोप यायला लागली की निरोगी माणसाच्याही ईईजीत थीटा वाढते आणि सिग्नल साधा होतो, मग पेंगलेला माणूस आणि अल्झायमर्सचा माणूस यात मशीनला गल्लत करायला वेळ लागत नाही. तिने खुणा केल्या होत्या म्हणजे तिला हे पक्कं माहीत होतं. रिपोर्टमध्ये त्या खुणांचा उल्लेख कुठेही नाही. इथूनच माझी चिडचिड सुरू झाली.

रिपोर्ट आला तो जाड चकचकीत कागदावर. पहिल्या पानावर वरून पाहिलेली डोक्याची गोल चित्रं, लाल पिवळी हिरवी. दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात कॉम्प्लेक्सिटी स्कोअर, शंभरपैकी, आणि खाली ‘लक्षणीय घट’. तिसऱ्या पानावर कॉम्प्लेक्सिटी म्हणजे काय यावर चार ओळी, ज्या माहितीपत्रकातल्याच होत्या. उरलेल्या पानांवर त्यांच्या बाकीच्या सर्व्हिसेस.

आता थोडं खोलात जाऊ, कारण त्याशिवाय या रिपोर्टमध्ये काय नाहीये ते कळणार नाही.

मेंदूचा सिग्नल गुंतागुंतीचा आहे म्हणजे काय, तर आत्तापर्यंतचा तुकडा बघून पुढचा तुकडा किती ओळखता येतो. सहज ओळखता आला तर सिग्नल साधा. शाळेत वर्गातली पोरं आपापसात बोलत असतात तेव्हा प्रत्येकाकडे कान दिला तर वेगळी गोष्ट ऐकू येते, आणि सगळी मिळून पाढे म्हणायला लागली की आवाज मोठा येतो पण ऐकणाऱ्याला नवीन काही कळत नाही, बे एके बे नंतर काय येणार ते ठाऊकच असतं. अल्झायमर्समध्ये ईईजी त्या पाढ्यांच्या बाजूला झुकतो, संथ आणि जास्त ठराविक. पण ही तुलना इथपर्यंतच चालते बरं का, कारण मेंदूचे लांबलांबचे भाग एकत्र पाढे म्हणतायत असं नसतं, उलट त्यांचा आपसातला ताळमेळ, खासकरून अल्फा आणि त्याहून वेगवान बीटा लाटांमधला, बऱ्याच अभ्यासांत कमीच झालेला दिसतो. प्रत्येक ठिकाणचा सिग्नल साधा होतो आणि ठिकाणांमधली बोलचाल तुटते, दोन्ही एकदम.

का होतं? पेशी मरतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याआधी पेशींमधले जोड म्हणजे सिनॅप्स जातात, आणि विस्मरणाशी सगळ्यात जवळचं नातं या सिनॅप्स जाण्याचं आहे, अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्यांचं तितकं नाही. शिवाय मेंदूच्या तळाशी एक छोटा गठ्ठा असतो, न्यूक्लियस बेसालिस ऑफ मायनर्ट, तिथून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सगळ्या कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, पुरवलं जातं, अल्झायमर्समध्ये हा गठ्ठा लवकर झिजतो. ॲसिटिलकोलिन कमी झालं की कॉर्टेक्सच्या लाटा संथ होतात. जोड कमी, पुरवठा कमी, मग सिग्नलमध्ये विविधता येणार कुठून. ही कारणं पूर्ण सुटलेली आहेत असं कुणी म्हणत नाही, पण दिशा साधारण ही आहे. मला जे माहितीपत्रकात वाचायला आवडलं असतं ते हे.

आणि मोजायचं कसं, याच्या एक नाही डझनभर पद्धती आहेत. बऱ्याचशांच्या नावात एन्ट्रॉपी असते, म्हणजे सिग्नल किती अनपेक्षित आहे त्याचं माप. ॲप्रॉक्सिमेट एन्ट्रॉपी १९९१ ची, तिच्यातले दोष काढून सॅम्पल एन्ट्रॉपी आली २००० साली, २००२ मध्ये परम्युटेशन एन्ट्रॉपी आणि त्याच वर्षी मल्टिस्केल एन्ट्रॉपी. हिगुची फ्रॅक्टल डायमेन्शन १९८८ चं. लेम्पेल-झिव कॉम्प्लेक्सिटी तर १९७६ ची, आणि त्याच दोघांच्या पुढच्या कामातून आपण रोज वापरतो त्या झिप फायली आल्या. ती समजायला सगळ्यात सोपी आहे, सिग्नल मधल्या रेघेच्या वर असेल तिथे एक आणि खाली असेल तिथे शून्य असं लिहून काढायचं आणि बघायचं की त्या रांगेत नवीन नवीन तुकडे किती येतात. तेचतेच तुकडे आले की फाईल छोटी होते. अल्झायमर्सच्या ईईजीची फाईल जास्त आकसते, असं म्हणा ना.

मी पहिला फोन केला तो यासाठीच की यातली कोणती वापरलीत. पलीकडच्या माणसाने सांगितलं "मॅडम आमचा प्रोप्रायटरी अल्गोरिदम आहे". बरं. मग विचारलं किती सेकंदांचा तुकडा घेतला, सेकंदाला किती सॅम्पल म्हणजे नोंदी, नको त्या वेगाच्या लाटा गाळणारा फिल्टर कुठे लावला. तो म्हणाला की ते सगळं ऑटोमॅटिक आहे. अहो ऑटोमॅटिक आहे म्हणूनच विचारतेय! सॅम्पल एन्ट्रॉपीला किती लांबीचे तुकडे जुळवायचे आणि किती जवळ आले की जुळले म्हणायचं, असे दोन आकडे आधी ठरवून द्यावे लागतात, बहुतेक लोक लांबी २ आणि जवळीक सिग्नलच्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या ०.१५ ते ०.२ पट धरतात. हे बदललं की उत्तर बदलतं. फिल्टर ३० हर्ट्झला लावला की ४५ ला, यानेही बदलतं. म्हणजे मागची पद्धत लिहिलेली नसेल तर स्कोअर दुसऱ्या कुठल्याही स्कोअरशी ताडून बघता येत नाही, अगदी त्यांच्याच मशीनचं पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर अपडेट झालं तर त्यांच्याच जुन्या स्कोअरशीही नाही.

मी डेटाचंच काम करते, त्यामुळे गप्प बसवेना. कच्ची फाईल मागितली. ईईजीसाठी ईडीएफ म्हणून एक फॉरमॅट आहे, १९९२ पासूनचा, युरोपात ठरवलेला, जवळजवळ सगळी मशीनं त्यात फाईल देतात आणि तुमची टेस्ट आहे तर मागायला काहीच लाजायचं नाही. आधी "अशी देत नाही", मग "साहेबांना विचारतो", मग एकदाची दिली. एमएनई-पायथनसारखी फुकट सॉफ्टवेअर आहेत, फाईल उघडली आणि बसले.

पहिली गंमत. आईने मधे कुठेतरी दात आवळले होते, किंवा गिळत होती, कपाळाच्या आणि कानाजवळच्या चॅनलवर (एकेका इलेक्ट्रोडची रेघ) स्नायूंची दाट करकर दिसत होती. त्या तुकड्यांचा एन्ट्रॉपीचा आकडा पूर्ण रेकॉर्डिंगमधला सगळ्यात जास्त! बरोबरच आहे, स्नायूंचा आवाज म्हणजे जवळपास नुसता गोंगाट, आणि गोंगाट कधीच ओळखता येत नाही म्हणून एन्ट्रॉपी त्याला भरभरून मार्क देते. म्हणजे जो पेशंट तणावात जबडा घट्ट धरून बसेल त्याचा मेंदू जास्त ‘कॉम्प्लेक्स’. असे तुकडे त्यांनी काढले होते की नाही ते रिपोर्टवरून कळायला मार्ग नाही. रेकॉर्डिंग करणारी मुलगी इतकी काळजीने काम करते आणि पुढे ते सगळं एका बटणाखाली जातं.

दुसरी गंमत जास्त मोठी आहे आणि याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. मल्टिस्केल एन्ट्रॉपीमध्ये सिग्नल आधी जसाच्या तसा बघतात, मग दोन दोन सॅम्पलची सरासरी घेऊन थोडा लांबून, मग तीन तीन, असं करत जातात. यामागचा विचार फार सुंदर आहे. नुसता गोंगाट जवळून बघितला तर अफाट गुंतागुंतीचा वाटतो पण लांबून बघत गेलं की सपाट होतो, त्यात काही नसतंच. जिवंत यंत्रणेत मात्र जवळून, लांबून, सगळीकडून काहीतरी चाललेलं असतं. आता अल्झायमर्समध्ये काय दिसतं? बऱ्याच अभ्यासांत छोट्या स्केलवर एन्ट्रॉपी निरोगी लोकांपेक्षा कमी, आणि मोठ्या स्केलवर चक्क जास्त. हो, जास्त. संथ लाटा वाढल्यामुळे सगळी हालचाल लांबच्या स्केलवर सरकते. मग ‘अल्झायमर्समध्ये कॉम्प्लेक्सिटी कमी होते’ हे वाक्य, जे त्या माहितीपत्रकात ठळक अक्षरात आहे, ते अर्धं खरं आहे. कुठल्या स्केलवर मोजताय ते सांगा, मग कमी की जास्त ते ठरेल. आईच्या फाईलमध्येही हेच वळण दिसलं, सुरुवातीला खाली आणि पुढे वर चढणारी रेघ. आता एका माणसाच्या रेघेवरून काही सिद्ध होत नाही, पण त्या सगळ्या वळणाचा एकच स्कोअर कसा केला असेल? सरासरी काढली? मग वर आणि खाली एकमेकांना खाऊन टाकणार. फक्त पहिलं स्केल घेतलं? मग तसं लिहा ना बाबांनो.

तिसरा मुद्दा ऐकायला कोरडा आहे पण पैशाचा आहे. लाटा संथ होणं आणि कॉम्प्लेक्सिटी कमी होणं या दोन वेगळ्या बातम्या आहेत का एकच? २०११ मध्ये जस्टिन डाउवेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हा प्रश्न घेतला होता आणि त्यांना दोन्ही गोष्टी एकमेकींशी चांगल्याच जोडलेल्या दिसल्या. विचार केला तर पटतं, संथ लाट ही घाईच्या लाटेपेक्षा पुढचा क्षण ओळखायला सोपीच असते. आता थीटा वाढलीय आणि अल्फा हळू झालीय हे तर साध्या ईईजीत अनुभवी डॉक्टर डोळ्यांनी बघून सांगतात. मग साध्या ईईजीवर हे कॉम्प्लेक्सिटीचं जादा पॅकेज घेऊन मला नवीन काय मिळालं, हे सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. संशोधनात यासाठी सरोगेट डेटा नावाची युक्ती वापरतात, लाटांची ताकद तीच ठेवून बाकी क्रम विस्कटायचा आणि बघायचं की एन्ट्रॉपीचा फरक तरीही राहतो का. अशी तपासणी रिपोर्टमध्ये असेल अशी माझी अपेक्षा नव्हती म्हणा, पण ‘अत्याधुनिक’ शब्द पाच वेळा लिहिलाय त्यातला एक कमी करून डॉमिनंट फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे मुख्य लाट सेकंदाला किती वेळा येते त्याचा, आकडा तरी दिला असता. तो नाहीये! साध्या ईईजीत मिळणारी सगळ्यात कामाची गोष्ट यात नाही.

विज्ञान खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, हे कुणी उलटं पसरवू नका. स्पेनमध्ये वायादोलिद विद्यापीठातल्या गटाने गेली वीस वर्षं हे काम केलंय, ॲप्रॉक्सिमेट एन्ट्रॉपी, सॅम्पल एन्ट्रॉपी, लेम्पेल-झिव सगळं लावून बघितलं आणि विशेषतः डोक्याच्या वरच्या-मागच्या भागातल्या चॅनलवर पेशंटचा सिग्नल जास्त ठराविक झालेला सापडला. इतर ठिकाणीही साधारण तसंच दिसलं. पण त्या सुरुवातीच्या अभ्यासांत माणसं किती, तर एका बाजूला दहाअकरा आणि दुसऱ्या बाजूला तितकीच किंवा कमी. दोन गटांची सरासरी वेगळी निघते याचा अर्थ एका माणसाचा आकडा बघून तो कुठल्या गटातला ते कळतं असा होत नाही, मधे दोन्ही गटांची सरमिसळ बरीच असते.

कुणालाही फुकट बघता येईल असा एक डेटासेट आहे, ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या हॉस्पिटलमधला, ओपनन्यूरो नावाच्या खुल्या डेटाच्या साइटवर ठेवलेला. ८८ माणसं, त्यात ३६ अल्झायमर्सची, २३ फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची (विस्मरणाचा दुसरा एक आजार) आणि २९ निरोगी, १९ इलेक्ट्रोड, डोळे मिटून. मी तो उतरवून घेतला आणि प्रत्येकाचा एकेक आकडा काढून ठिपके मांडले. सरासरीच्या रेघा वेगळ्या दिसतात, ठिपके मात्र एकमेकांच्या घरात बिनधास्त शिरलेले. फ्रंटोटेम्पोरल आणि अल्झायमर्स वेगळे करायला तर हा एकटा आकडा फारच लंगडा. आईचा ठिपका त्यात ठेवायचा मोह झाला पण नाही ठेवला, मशीन वेगळं, फिल्टर वेगळे, ठेवून काय कळणार होतं.

ओघाने एक. माहितीपत्रकात एआयची अचूकता म्हणून मोठे मोठे टक्के असतात, ते बघून हुरळू नका. यात नेहमीची मेख अशी असते की एकाच माणसाचं रेकॉर्डिंग चार-चार सेकंदांच्या तुकड्यांत कापतात, त्यातले काही तुकडे शिकवायला आणि काही परीक्षेला. मग मॉडेल आजार ओळखायला शिकतं की त्या माणसाला? परीक्षेतली माणसं शिकवणीत अजिबात नव्हती ना, एवढा एकच प्रश्न विचारायचा. फोनवर विचारला तेव्हा पलीकडे बराच वेळ कीबोर्डचा आवाज येत होता.

स्कोअर खाली यायला अल्झायमर्सच लागतो असंही नाही. गाढ झोपेत आणि भुलीखाली निरोगी माणसाच्या मेंदूची कॉम्प्लेक्सिटी घसरते. डेलिरियममध्ये, म्हणजे आजारपणात अचानक येणाऱ्या भ्रमात, लाटा संथ होतात. गोळ्यांचाही परिणाम असतो, झोपेच्या काही गोळ्या बीटा वाढवतात, आणि अल्झायमर्ससाठी जे डोनेपेझिल देतात ते ॲसिटिलकोलिन टिकवून धरतं त्यामुळे संथ झालेल्या लाटा थोड्या परत वेग धरू शकतात. आता समजा एका रेकॉर्डिंगनंतर गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला आणि पुढच्या वेळी स्कोअर वाढला, तर आजार थांबला म्हणायचं का? गोळ्यांची यादी फॉर्मवर भरून घेतली होती. रिपोर्टमध्ये एक अक्षर नाही.

ईईजीचा डिमेन्शियात काही उपयोगच नाही असं वाचून कुणी डॉक्टरांनी सांगितलेला साधा ईईजी टाळू नका. फिट्स येतात का ते बघायला तो लागतो, झपाट्याने बिघडणाऱ्या केसमध्ये क्रॉइट्झफेल्ट-याकोबसारखे आजार किंवा शरीरातल्या दुसऱ्या गडबडीमुळे झालेला गोंधळ ओळखायला मदत होते, आणि लेवी बॉडी डिमेन्शियाच्या २०१७ च्या निकषांत तर मागच्या भागातल्या संथ, कमीजास्त होणाऱ्या लाटांना पुरावा म्हणून जागा दिलेली आहे. हे सगळं डॉक्टर स्वतः बघून लिहितात. निव्वळ अल्झायमर्सच्या निदानात मात्र ईईजीच्या कॉम्प्लेक्सिटीला अजून नेहमीच्या निकषांत जागा नाही, तिथे लक्षणं, मेमरीच्या टेस्ट, एमआरआय, गरज पडली तर पेट स्कॅन किंवा पाठीतलं पाणी, आणि आता रक्तातलं पी-टाऊ २१७ नावाचं प्रथिन, ज्याच्यावर आधारलेल्या एका टेस्टला अमेरिकेत एफडीएने २०२५ च्या मे महिन्यात मंजुरी दिली. ईईजी या सगळ्यांपेक्षा स्वस्त आहे, सुई नाही, रेडिएशन नाही, पुन्हा पुन्हा करता येतो, म्हणूनच संशोधक त्याच्यामागे लागलेत आणि लागावंच, मलाही वाटतं यातून कधीतरी काहीतरी चांगलं निघेल. पण संशोधक मल्टिस्केलचं पूर्ण वळण, चॅनलनिहाय फरक, किती तुकडे टाकून दिले, सगळं मांडतात. मला मिळालं लाल डोकं आणि एक आकडा.

त्या लाल डोक्याबद्दल तर बोलायचंच राहिलं. रिपोर्ट घेताना आई शेजारीच होती. काउंटरवरच्या माणसाने पाकीट उघडून सरळ तिच्यासमोर धरलं आणि बोट ठेवून म्हणाला "हा लाल भाग बघा, इथे जास्त प्रॉब्लेम आहे". आईने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "हे माझं डोकं आहे का गं? एवढं लाल कशाने झालं?" मी म्हटलं शाईचा रंग आहे आई, प्रिंटरमधली शाई संपत आली की असं येतं. तिला पटलं. नंतर दिवसभर मधूनच डोक्याला हात लावून बघत होती. रंग कुठून लाल धरायचा हे कुणीतरी सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं, थोडी हद्द हलवली तर तेच डोकं पिवळं होईल, आणि पेशंटच्या हातात असलं चित्र देण्यापेक्षा दोन वाक्यं नीट बोला. याचे मी दीड मार्क पण कापणार होते, पण बाइंडिंग खरंच चांगलं आहे.

घ्यायचं की नाही विचाराल तर निदानासाठी अजिबात नाही, तो पैसा चांगल्या न्यूरोलॉजिस्टकडे आणि घरी मदतीला माणूस ठेवण्यात घाला. घाबरलेल्या, नुसतं नाव विसरलं म्हणून शंका आलेल्या निरोगी माणसाने तर मुळीच नाही, कमी आकडा आला तर झोप उडेल आणि जास्त आला तरी काही ठरत नाही. एखाद्या अभ्यासात भाग घ्यायला बोलावलं आणि संमतीपत्रात सगळं लिहिलेलं असेल तर जरूर जा, तिथे तुमच्या रेकॉर्डिंगचा खरा उपयोग होतो. आणि घेतलंच असेल किंवा घ्यायचंच असेल तर ईडीएफ फाईल आधीच मागून ठेवा, मोजायची पद्धत आणि तिचे सगळे आकडे लेखी मागा, किती सेकंद खराब म्हणून टाकले ते विचारा, तुलना कोणत्या वयाच्या किती लोकांशी केली ते विचारा, आणि पुढचं रेकॉर्डिंग करायचं तर तीच वेळ, तेच मशीन, त्याच गोळ्या. पेशंटला सोबत घेऊन रिपोर्ट आणायला जाऊ नका.

अपडेट: हे सगळं मी त्यांना मेलवर पाठवलं होतं. उत्तर आलं, सभ्य होतं. पद्धत सॅम्पल एन्ट्रॉपीच आहे, फक्त पहिल्या स्केलची, सगळ्या चॅनलची सरासरी काढून शंभरात बसवलेली, एवढं कबूल केलं. तुलनेच्या गटाबद्दल ‘अंतर्गत डेटाबेस’ लिहिलंय, त्यात किती माणसं आणि कोणत्या वयाची ते परत विचारलंय. फॉलोअप रेकॉर्डिंगवर सवलत देऊ केलीय. रेकॉर्डिंग तीच मुलगी करणार असेल आणि कच्ची फाईल त्याच दिवशी मिळणार असेल तर आईला नेईन, त्यांचा रिपोर्ट छापू नका असं सांगून.